परदेशात कोणतं कार्ड स्वस्त पडेल? आधी खात्यातून किती गेले ते मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीन आठवड्यांचा प्रवास, इटली, स्वित्झर्लंड आणि हंगेरी. हातात तीन कार्डं. क्रेडिट कार्डावर परदेशी व्यवहाराला ३ टक्के शुल्क आहे. डेबिट कार्डाच्या माहितीपत्रकावर ‘परदेशी व्यवहार शुल्क शून्य’ असं लिहिलंय. तिसरं प्रीपेड फॉरेक्स कार्ड, त्यात आधीच युरो भरून दर पक्का करता येतो. यांतलं स्वस्त कोणतं, आणि परत आल्यावर उरलेल्या युरोंचं काय करायचं?

मी एका कंपनीच्या हिशोब विभागात काम करते. बाहेरदेशी जाऊन आलेल्या सहकाऱ्यांच्या स्लिपा आणि कार्डाची स्टेटमेंटं समोरासमोर ठेवून ताळमेळ घालणं हे माझं सोळा वर्षांचं काम. एकाच हॉटेलात, एकाच दिवशी, सारख्याच बिलावर दोघांच्या खात्यातून वेगवेगळी रक्कम गेलेली मी अनेकदा पाहिली आहे, आणि दर वेळी फरक का पडला ते शोधून काढावं लागलं आहे. म्हणून उत्तर जरा लांबलं तरी चालेल असं धरून लिहिते.

पहिली गोष्ट, ‘कोणतं कार्ड’ हा प्रश्न अर्धाच आहे. एकच कार्ड हॉटेलच्या काउंटरवर स्वस्त आणि एटीएमवर महाग पडू शकतं. तेच कार्ड युरोत परवडतं आणि फ्रँकमध्ये अंगावर येतं. आणि कार्ड कितीही चांगलं असलं, तरी मशीनवर एक बटण चुकीचं दाबलं गेलं की त्याचा फायदा संपला. त्यामुळे कोणत्या व्यवहाराला कोणतं कार्ड काढायचं आणि मशीनसमोर काय करायचं, असे दोन प्रश्न एकत्र सोडवावे लागतात.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. तुमच्या बँकेचा नेमका दर, एटीएमचं ठरावीक शुल्क, शुल्कावर लागणारा कर, हे सगळं तुमच्या कार्डाच्या शुल्कपत्रकातच मिळेल. क्रेडिट कार्डाचं बिल तुम्ही दर महिन्याला पूर्ण भरता की थकवता, यावरही बरंच काही ठरतं. थकवत असाल तर पुढची सगळी टक्केवारी विसरा. व्याजापुढे ती काहीच नाही.

आता पैसा कुठून कुठे जातो ते पाहू. तुम्ही इटलीत २४० युरोचं हॉटेलचं बिल कार्डाने भरलंत. दुकानदाराची बँक ही मागणी व्हिसा किंवा मास्टरकार्डसारख्या नेटवर्ककडे पाठवते. नेटवर्क स्वतःच्या त्या दिवसाच्या दराने युरोचं तुमच्या चलनात रूपांतर करतं आणि आकडा तुमच्या बँकेला कळवतं. तुमची बँक त्यावर आपलं शुल्क चढवते आणि एकूण रक्कम खात्याला नावे टाकते. म्हणजे कात्री दोन ठिकाणी लागू शकते: दरात आणि शुल्कात. शुल्क स्टेटमेंटवर दिसतं. दरात किती गेले ते दिसत नाही, ते काढावं लागतं.

ते काढायला एक मोजपट्टी हवी. ती म्हणजे बाजारातला मधला दर: मोठ्या बँका एकमेकींकडून चलन ज्या भावाने घेतात आणि ज्या भावाने विकतात, त्यांच्या बरोबर मधला आकडा. बातम्यांत किंवा शोधयंत्रावर दिसतो तो साधारण हाच. युरोसाठी युरोपियन सेंट्रल बँक कामकाजाच्या दिवशी मध्य युरोपीय वेळेप्रमाणे दुपारी चारच्या सुमारास संदर्भ दर जाहीर करते, तोही चालतो. या दराने आपल्याला कुणी चलन देत नाही. पण सगळी कार्डं एकाच पट्टीने मोजायची तर पट्टी हीच.

हिशोब सोपा आहे. खात्यातून एकूण जेवढे गेले, सगळं शुल्क आणि कर धरून, त्यातून मधल्या दराने येणारी रक्कम वजा करा. उरलेल्या आकड्याला मधल्या दराच्या रकमेने भागा आणि शंभराने गुणा. हा झाला त्या व्यवहाराचा खरा खर्च, टक्क्यांत. शुल्कपत्रकावर काय छापलंय, जाहिरातीत काय म्हटलंय, याला इथे जागाच नाही.

तुमच्या तिन्ही कार्डांवर करून दाखवते. आकडे सोपे जावेत म्हणून मधला दर १ युरोला तुमच्या चलनाचे १०० धरू. म्हणजे २४० युरोचं बिल मधल्या दराने २४,००० होतं.

क्रेडिट कार्ड: नेटवर्कचा दर मधल्या दरापेक्षा किंचित वर असतो. युरोसारख्या मोठ्या चलनात हा फरक बहुतेक वेळा एका टक्क्याच्या अंशातच राहतो. ०.३ टक्के धरू. झाले २४,०७२. त्यावर ३ टक्के शुल्क, म्हणजे २४,७९४. खरा खर्च ३.३ टक्के.

‘शून्य शुल्क’ डेबिट कार्ड: शुल्क खरोखरच शून्य असेल, पण दर कुणाचा हे बघायला हवं. बँक नेटवर्कचाच दर पुढे देत असेल तर खर्च ०.३ टक्के, आणि मग या कार्डाशी बाकीच्या दोघांची तुलनाच नको. पण काही बँका स्वतःचा कार्डदर लावतात. तो समजा १०२.५० असेल, तर खात्यातून गेले २४,६००, म्हणजे अडीच टक्के. स्टेटमेंटवर शुल्काची ओळच नसते, म्हणून माणसाला वाटतं आपल्याला काहीच पडलं नाही. शुल्कपत्रकात ‘नेटवर्कचा विनिमय दर लागू’ असं लिहिलंय की ‘बँकेचा विनिमय दर लागू’, तेवढी एक ओळ शोधा. सापडली नाही तर बँकेला लेखी विचारा. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या ओळीत आहे.

प्रीपेड फॉरेक्स कार्ड: वापरताना शुल्क नाही, हे खरं. खर्च आधीच होऊन गेलेला असतो, युरो भरताना. मधला दर १०० असताना तुम्हाला विक्रीचा दर समजा १०३ मिळाला आणि भरण्याचं शुल्क ३०० पडलं. तुम्ही एकूण ६०,००० चे युरो भरले, तर ३०० म्हणजे अर्धा टक्का. मिळून सुमारे साडेतीन टक्के. म्हणजे ३ टक्के शुल्कवाल्या क्रेडिट कार्डापेक्षाही थोडं महागच. इथे आकडे मी धरलेत, तुमचे वेगळे येतील आणि क्रमही बदलेल. पण दर पक्का होणं आणि दर स्वस्त असणं या वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं या आकड्यांत दिसतं. पक्क्या दराचा खरा उपयोग चढउतारापासून बचाव हा आहे. ज्याचं बजेट अगदी काटेकोर आहे, त्याने त्यासाठी अर्धा-एक टक्का जास्त मोजला तर मी त्याला चूक म्हणणार नाही.

प्रीपेड कार्डाची खरी अडचण तुमच्या बाबतीत पुढे येते. तुमचे तीन देश म्हणजे तीन चलनं: युरो, स्विस फ्रँक, हंगेरियन फोरिंट. कार्डात फक्त युरो असतील आणि झुरिकला फ्रँकमध्ये बिल दिलंत, तर कार्ड युरो मोडून फ्रँक देतं आणि त्यावर चलनबदलाचं वेगळं शुल्क लावतं. ते ३ टक्के असेल, तर भरतानाचे साडेतीन आणि हे ३ मिळून साडेसहा टक्के. फोरिंटचंही तेच. त्यातून अनेक फॉरेक्स कार्डांत फोरिंटसारखं चलन भरायची सोयच नसते. म्हणून या कार्डाचा उपयोग तुम्हाला फार तर इटलीपुरता.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसले ती सांगते. सोळा वर्षांत लोकांचे सर्वांत जास्त पैसे मी याच एका ठिकाणी गेलेले पाहिले आहेत.

मशीनमध्ये कार्ड घातलं की पडद्यावर दोन रकमा येतात. एक स्थानिक चलनात, दुसरी तुमच्या चलनात. खाली प्रश्न: कोणत्या चलनात पैसे द्यायचे? आपल्या चलनातला आकडा ओळखीचा असतो, लगेच कळतो, म्हणून बोट तिकडे जातं. ही सोय म्हणजे डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन, आमच्या भाषेत डीसीसी. यात रूपांतर तुमचं नेटवर्क करत नाही. दुकानदाराच्या बाजूची सेवा तिथल्या तिथे करते, स्वतःच्या दराने. त्या दरातला नफा दुकानदार, त्याची बँक आणि ती सेवा देणारी कंपनी यांच्यात वाटला जातो. काउंटरवरचा माणूस ‘तुमच्याच चलनात करू ना?’ असं आग्रहाने का विचारतो, ते यावरून लक्षात येईल.

तुमचं चलन मशीनला कळतं कसं? कार्ड क्रमांकाच्या सुरुवातीच्या सहा ते आठ अंकांत कार्ड कोणत्या बँकेने दिलं हे दडलेलं असतं. त्यावरून देश कळतो, देशावरून चलन. हे लक्षात ठेवा, प्रीपेड कार्डाच्या बाबतीत पुन्हा लागणार आहे.

आमच्या एका सहकाऱ्याची स्लिप अजून माझ्या फाइलमध्ये आहे. थर्मल कागद, शाई आता फिकी पडलीय. वर हॉटेलचं नाव, खाली युरोतली रक्कम, त्याखाली तीच रक्कम आमच्या चलनात, ठळक अक्षरांत. मग एक दर, आणि सगळ्यात तळाशी बारीक टाइपात एक वाक्य: मला चलनाचा पर्याय देण्यात आला होता आणि माझी निवड अंतिम आहे, अशा अर्थाचं. त्याला पर्याय देण्यात आलाच नव्हता. स्वागतकक्षातल्या माणसाने मशीन स्वतःकडे वळवून बटण दाबलं आणि मग सही मागितली. सही झालेली असल्यामुळे वाद घालायला काही उरलं नाही. मी तो दर त्या दिवशीच्या नेटवर्कच्या दराशी ताडून पाहिला, तर सहा टक्क्यांच्या वर निघाला.

वरच्याच उदाहरणात बसवून पाहा. २४,००० च्या बिलावर डीसीसीचे ६ टक्के, म्हणजे २५,४४०. बरं, इथेच थांबत नाही. अनेक बँका व्यवहार परदेशातल्या दुकानदाराशी झाला एवढ्यावरूनच आपलं शुल्क लावतात, रक्कम तुमच्या स्वतःच्या चलनात असली तरीही. तुमच्या क्रेडिट कार्डाला असा नियम असेल तर ३ टक्के पुन्हा, झाले २६,२०३. नऊ टक्क्यांच्या वर. कार्डांमधला अर्ध्या टक्क्याचा फरक आपण तासभर शोधत बसतो आणि इथे एका बटणात सहा टक्के जातात.

म्हणून नियम एकच आणि तो सगळीकडे लागू: नेहमी ज्या देशात आहात त्या देशाच्या चलनात पैसे द्या. इटलीत युरो, स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक, हंगेरीत फोरिंट. व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांच्याही नियमांप्रमाणे ग्राहकाला निवड द्यावीच लागते. मशीन हातात घ्या, पडदा वाचा, मगच पिन टाका किंवा टॅप करा. स्लिपवर तुमच्या चलनातला आकडा दिसला, तर तिथून हलायच्या आधी व्यवहार रद्द करून फ्रँकमध्ये किंवा युरोत पुन्हा करायला सांगा. मागे रांग असली तरी सांगा. बाहेर पडल्यावर हे पैसे परत मिळवणं फार कठीण जातं.

युरोपीय संघात हा छुपा फरक उघडा करण्यासाठी कायदा झालेला आहे. १९ एप्रिल २०२० पासून, संघातल्या एका चलनातून दुसऱ्यात असं रूपांतर देऊ करताना ते युरोपियन सेंट्रल बँकेच्या संदर्भ दरापेक्षा किती टक्क्यांनी महाग आहे, हे व्यवहाराआधी दाखवणं बंधनकारक आहे. पडद्यावर असा टक्का दिसला तर आवर्जून वाचा. त्याच्याहूनही जुना प्रकार अमेरिकेतला. परदेशी व्यवहाराचं शुल्क दरातच मिसळून टाकलं, ग्राहकाला नीट सांगितलं नाही, असा सामूहिक दावा तिथे व्हिसा, मास्टरकार्ड, डायनर्स क्लब आणि काही मोठ्या बँकांवर झाला, आणि २००६ मध्ये ३३.६ कोटी डॉलरची तडजोड झाली. हे मुद्दाम सांगते, कारण ‘दरात थोडं इकडेतिकडे होणारच’ असं म्हणून लोक हा विषय सोडून देतात. या थोड्याची बेरीज केवढी होते ते त्या आकड्यात आहे.

आता प्रीपेड कार्डाकडे परत. तुमच्या कार्डात युरो भरलेले आहेत, तुम्ही रोममध्ये आहात. पण मशीन पाहतं सुरुवातीचे अंक, त्यातून कळतो तुमचा देश, आणि ते तुम्हाला तुमच्या चलनात पैसे द्यायचा पर्याय देतं. आत युरो आहेत हे त्याला माहीतच नाही. तुम्ही हो म्हटलंत की युरोच्या बिलाचं डीसीसीने तुमच्या चलनात रूपांतर होतं, आणि ती रक्कम भागवायला कार्ड आतले युरो पुन्हा मोडतं, बहुधा चलनबदलाचं शुल्क लावून. युरोतून निघून युरोतच पोचायला दोन वेळा कात्री. अशी स्टेटमेंटं आमच्याकडे येतात तेव्हा त्या माणसाला समजावून सांगणं जड जातं, कारण त्याने तर आधीच युरो घेऊन पूर्ण काळजी घेतलेली असते.

हेच इंटरनेटवरच्या बुकिंगलाही लागू. हॉटेलचं संकेतस्थळ, रेल्वेचं तिकीट, संग्रहालयाचा प्रवेश, कुठेही शेवटच्या पानावर रक्कम तुमच्या चलनात दिसली की चलन निवडायची जागा शोधा आणि स्थानिक चलन करा. काही ऑनलाइन पेमेंट सेवा रूपांतर आपल्याकडेच करायची खूण आधीच लावून ठेवतात. ती काढून ‘रूपांतर माझ्या कार्डाने करावं’ हा पर्याय निवडता येतो, फक्त तो थोडा आत असतो.

एटीएमचं गणित वेगळं आहे, आणि तिथे टक्क्यांपेक्षा ठरावीक शुल्क जास्त चावतं. तीन थर असतात: मशीनच्या मालकाचं शुल्क, तुमच्या बँकेचं प्रत्येक वेळचं शुल्क आणि चलनाचा टक्का. समजा मशीनवाल्याचे ५ युरो, तुमच्या बँकेचे २ युरोइतके आणि टक्का ३. तुम्ही ५० युरो काढलेत तर ५ अधिक २ अधिक दीड, म्हणजे साडेआठ युरो खर्च, सतरा टक्के. ३०० युरो काढलेत तर ५ अधिक २ अधिक ९, म्हणजे १६ युरो, साडेपाच टक्क्यांच्या आत. म्हणून थोडे थोडे चार वेळा काढण्यापेक्षा एकदाच, लागतील तेवढे काढावेत. उगाच जास्तही नकोत, कारण उरलेली रोकड परत विकताना पुन्हा मार बसतो.

एटीएमवरही डीसीसी येतंच, आणि तिथे शब्दरचना जास्त फसवी असते. पडदा विचारतो: रूपांतर स्वीकारता का? ‘नाही’ दाबलं तर व्यवहारच रद्द होईल अशी भीती वाटते. होत नाही. ‘रूपांतराशिवाय पुढे जा’ किंवा ‘रूपांतर नाकारा’ अशा अर्थाचं बटण दाबलं की मशीन स्थानिक चलनात नोटा देतं आणि रूपांतर तुमच्या नेटवर्कच्या दराने होतं. फोरिंटमध्ये आकडे मोठे असतात, एका युरोला साधारण साडेतीनशे ते चारशे. एवढ्या शून्यांसमोर माणूस गोंधळतो आणि आपल्या चलनातला लहान आकडा दिसला की त्याला धरतो. हंगेरीत पोचायच्या आधी दोन-तीन रकमांचा हिशोब करून ठेवा, म्हणजे मशीनसमोर डोकं शांत राहील. आणि विमानतळावर किंवा पर्यटकांच्या चौकात एकटीच उभी असलेली मशीनं टाळून बँकेच्या शाखेच्या भिंतीतलं एटीएम शोधा. मालकाचं शुल्क तिथे कमी असण्याचा, काही वेळा नसण्याचाच संभव जास्त.

क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोकड काढू नका. खरेदीला मिळते ती बिनव्याजी मुदत रोकडीला सहसा नसते. पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होतं, वर रोकड काढण्याचं वेगळं शुल्क. एटीएमसाठी डेबिट कार्डच.

स्वित्झर्लंडमध्ये अजून एक बारकावा. बरीच दुकानं युरोच्या नोटा घेतात, पण दर दुकानाचा आणि सुटे परत येतात फ्रँकमध्ये. तुमच्याकडे इटलीतले युरो उरले म्हणून तिथे खपवावेसे वाटतील. शक्यतो नको. कार्डाने फ्रँकमध्ये द्या.

हॉटेल आणि भाड्याची गाडी यांच्या अनामतीसाठी क्रेडिट कार्ड पुढे करा. डेबिट कार्डावर अनामत अडकली की तुमचे खरे पैसे अडकतात, कधी कधी बरेच दिवस. प्रीपेड कार्ड तर गाडीवाले अनेकदा घेतच नाहीत. आणि काही परत मिळणार असेल, रद्द केलेलं बुकिंग वगैरे, तर परतावा त्या दिवशीच्या दराने येतो. गेले तेवढेच परत येतील असं धरू नका. आधी कापलेलं शुल्क परत मिळेलच असंही नाही.

लहान रकमांसाठी शुल्कपत्रकात ‘किमान’ हा शब्द शोधा. ‘३ टक्के किंवा किमान अमुक’ अशी अट असेल, तर दोन युरोच्या बसच्या तिकिटावर खर्च रकमेच्या चौथाईपर्यंतसुद्धा जाऊ शकतो. अशी अट असलेलं कार्ड टॅप करून लहान खर्च करायला वापरू नये.

शनिवार-रविवारचंही सांगते. चलनबाजार शुक्रवारी संध्याकाळी, न्यूयॉर्कच्या वेळेप्रमाणे, बंद होतो आणि रविवारी संध्याकाळी उघडतो. मधल्या काळात दर हलला तर नुकसान होऊ नये म्हणून अॅपवर चालणारी काही कार्डं सुट्टीच्या दिवशी दरात थोडी भर घालतात. तुमच्या तिन्ही कार्डांत असं कार्ड दिसत नाही, पण घ्यायचा विचार असेल तर ही अट बघा. अशा कार्डावर लागणारं चलन शुक्रवारी दुपारीच बदलून ठेवलं की प्रश्न मिटतो.

मी सांगतेय ते सगळीकडे जसंच्या तसं लागू पडत नाही, हेही खरं. ज्या देशात सरकारी दर आणि बाजारातला दर यांत मोठं अंतर असतं, तिथे कार्डाला कोणता दर मिळतो यावर सगळं फिरतं. २०२२ मध्ये अर्जेंटिनात डॉलरचा अनधिकृत भाव अधिकृत दराच्या जवळजवळ दुप्पट होता. अधिकृत दराने कार्ड चालवणाऱ्याचं नुकसान कोणत्याही शुल्कापेक्षा मोठं होतं, आणि म्हणून तेव्हा लोक रोकड घेऊन जात. तुमच्या तीन देशांत तसं काही नाही.

इथपर्यंतचं तुमच्या प्रवासापुरतं मांडायचं तर: डेबिट कार्डाला नेटवर्कचा दर मिळत असेल, तर दुकानं आणि एटीएम दोन्हीकडे तेच, तिन्ही देशांत. बँकेचा स्वतःचा दर असेल, तर खालची चाचणी करून डेबिट आणि क्रेडिट यांत निवडा. क्रेडिट कार्ड अनामतीला आणि अडीअडचणीला. प्रीपेड घ्यायचंच असेल तर इटलीपुरते युरो, तेही दर पक्का हवा असेल तरच. आणि दोन कार्डं दोन वेगळ्या खिशांत ठेवा, कारण परदेशात कार्ड गिळलं गेलं किंवा बँकेने संशयावरून बंद केलं, तर त्या दिवशी टक्क्यांचा विचार कुणी करत नाही.

चाचणी अशी. इटलीत पोचल्यावर पहिल्या दोन दिवसांत दोन्ही कार्डांनी साधारण सारख्या रकमेचा एकेक व्यवहार करा, युरोत. स्लिपचा फोटो काढा, थर्मल कागदावरची शाई टिकत नाही. लगेच येणाऱ्या मेसेजवरच्या आकड्यावर जाऊ नका. तो तात्पुरता असतो. व्यवहार पक्का होऊन स्टेटमेंटवर यायला दोन-तीन दिवस लागतात, आणि शुल्काची ओळ काही वेळा वेगळी, मागून येते. ती धरून वरचा हिशोब मांडा. व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोघांच्याही संकेतस्थळांवर दर काढायची सोय आहे: तारीख निवडायची, चलनं निवडायची, बँकेचं शुल्क टाकायचं, आकडा समोर येतो. तो तुमच्या स्टेटमेंटशी जुळला तर बँक नेटवर्कचाच दर देतेय. जुळत नसेल तर एक दिवस मागेपुढे करून बघा, कारण दर व्यवहाराच्या दिवसाचा लागला की पक्का झाल्याच्या दिवसाचा, यावरून किरकोळ फरक पडतो. तरीही दोन-अडीच टक्क्यांचं अंतर राहिलं, तर तो बँकेचा स्वतःचा दर. मग पुढचे अडीच आठवडे कोणतं कार्ड काढायचं ते तुमचं तुम्हालाच कळेल.

उरलेल्या युरोंचं विचारलंत. प्रीपेड कार्डातले युरो परत देताना बँक खरेदीचा दर लावते, तो मधल्या दराच्या खाली असतो. म्हणजे घेताना ३ टक्के वर आणि देताना समजा २ टक्के खाली, न वापरलेल्या पैशावर पाच टक्के गेले. कार्डात तसेच ठेवले तर ‘निष्क्रियता शुल्क’ नावाखाली काही महिन्यांनी थोडे थोडे कापले जाऊ शकतात. किती महिन्यांनी ते पत्रकात बघून ठेवा. त्यामुळे भरतानाच हात आखडता घ्या. इटलीतल्या अंदाजी खर्चाच्या सत्तर टक्के भरा, वरचं डेबिट कार्डाने. परतीच्या विमानाआधी थोडे युरो उरलेच, तर हॉटेलच्या शेवटच्या बिलातले तेवढे युरो प्रीपेडवर आणि बाकीचे दुसऱ्या कार्डावर घ्यायला सांगा. एक बिल दोन कार्डांवर विभागून घ्यायला हॉटेलं सहसा तयार असतात. कार्डात नेमके किती उरलेत ते अॅपवर सेंटपर्यंत बघून तोच आकडा त्यांना सांगा, कारण शिल्लक एका सेंटने जरी कमी पडली तरी व्यवहार नाकारला जातो.